बोनस देऊनही माणूस का सोडून जातो?

दिवाळीला पाकीट दिलं, मिठाई दिली, आणि भाऊबीज झाल्यावर तयार केलेला मुलगा शेजारच्या दुकानात लागला. तुमच्याकडेही असं होतं ना?

आता टाटा स्टीलकडे बघा. जमशेदपूरच्या या कंपनीने १९१२ मध्ये आठ तासांचं काम ठरवलं, १९२० मध्ये भरपगारी रजा आणि पीएफ सुरू केला, १९३४ मध्ये नफ्यातून बोनस. पीएफचा कायदा आला १९५२ मध्ये, बोनसचा १९६५ मध्ये!

यातून आपण काय घ्यायचं? बोनस मालकाच्या मूडवर नको, नियमावर हवा. अचानक दिलेले पाच हजार चार दिवसांत विसरले जातात. पण ‘वर्ष पूर्ण केलंस की एक पगार जास्त, महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या’ हे आधीच माहीत असेल, तर माणूस घरी हिशेब मांडतो आणि थांबतो.

म्हणून आजच वहीत तीन गोष्टी लिहा: काय देणार, कशासाठी देणार, कोणत्या तारखेला देणार. झेपेल तेवढंच लिहा. पण धंदा मंदा असला तरी ती तारीख चुकवू नका. एकदा शब्द फिरवला, की पुढच्या वर्षी तुमच्या वहीवर कोण विश्वास ठेवणार?