दारूचा धीर, बिनदारूचा

सेनगाव, कळमनुरी, वसमतकडची पोरं शिकायला नांदेडला, संभाजीनगरला, पुण्याला खोली करून राहिली, की वर्षभरातच एका साध्या क्रियापदाचा नवा अर्थ शिकतात: 'आज बसायचं का?' महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं वय लागतं, हे त्या बैठकीत कोण विचारतो! 'दोन पेग गेले की तिच्याशी बोलायचा धीर येतो,' ही तिथली जुनी समजूत.

धीर खरंच बाटलीत असतो का? विल्सन आणि लॉसन या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर दारूने कामुक उत्तेजना वाढते का, हे तपासलं. काहींना व्होडका घातलेलं टॉनिक वॉटर दिलं, काहींना नुसतंच. वर, ग्लासात काय आहे याबद्दल निम्म्यांना चक्क थाप मारली. मग कामुक चित्रफीत दाखवून शरीराचा प्रतिसाद मोजला. 'आपण प्यायलोय' असं मानणाऱ्यांची उत्तेजना जास्त भरली. ग्लासात खरोखर काय होतं, याने फरक पडला नाही. उत्तेजना समजुतीची, बिल दारूचं!

दारूचं स्वतःचं काम निराळं. मेंदूला शांतवणाऱ्या 'गाबा' या रसायनाचा जोर ती वाढवते, चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा कमी करते. 'थांब' म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत पिकतच असतो. ढिला पडतो तोही. मग समोरचं तेवढं ठळक दिसतं, उद्याचं पुसट. कंडोम खिशातच राहतो. तिचं गप्प बसणं होकार वाटू लागतं. जास्त झाली तर शरीरही ऐनवेळी साथ सोडतं, आणि पोरगा मात्र स्वतःच्या पुरुषत्वावर शंका घेत बसतो.

मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे वजन सारखं असलं तरी तेवढ्याच दारूचं रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. भराभर प्यायल्यावर आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस नोंद घेणंच थांबवू शकतो. माणूस चालतो, बोलतो, हसतो. सकाळी पाटी कोरी. अशा अवस्थेतल्या 'हो'ला काय अर्थ? भारतीय न्याय संहितेचं कलम 63 सांगतं की, कशाला होकार देतोय हेच नशेमुळे कळत नसेल, तर ती संमती नव्हे. 'मीही प्यायलो होतो' ही सबब नाही.

अशा रात्रीनंतर, विशेषतः कंडोम वापरला नसेल तर, लाजेखातर खोलीत दडून राहू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. सरकारी रुग्णालय गाठा, किंवा आधी 1097 या मोफत क्रमांकावर विचारा.