खारी, शेजारी आणि दीड मीटरची उडी

“सर, खारी तुमच्या आणि गादी माझी, हा कुठला न्याय?” शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत होत्या. त्यांच्या हातात कापूस बाहेर आलेल्या गादीचा कोपरा होता. “तुमच्या खारी आमचं घर फाडून राहिल्या, अन् तुम्ही त्यांना शेंगदाणे टाकून राहिले!”

विद्यार्थिमित्रांनो, काकूंचे म्हणणे खरे होते. आमच्या नागपूरच्या घरामागे दोन जामाची झाडे आहेत. (पुण्यामुंबईकडचे वाचक ज्याला पेरू म्हणतात, तोच आमचा जाम.) तेथे पूर्वी दोन-तीन खारी दिसत. माझ्या मुलीने रोज सकाळी ओंजळभर ज्वारी आणि शेंगदाणे टाकायला सुरुवात केली आणि वर्षभरात एकाच वेळी अकरा खारी मोजता येऊ लागल्या. एकाच वेळी दिसल्या तेवढ्या अकरा. खरी संख्या त्याहून जास्तच असणार.

हे का झाले, हे समजणे अवघड नाही. कोणत्याही परिसरात किती प्राणी राहू शकतील हे अन्न, निवारा आणि शत्रू यांवर ठरते. खारीचा गर्भकाळ जेमतेम चाळीस दिवसांचा, आणि एका वेळी साधारणपणे दोन ते चार पिले. मांजर, मुंगूस, धामण, शिकरा हे त्यांचे शत्रू. आम्ही अन्नाची बाजू एकदम जड केली. शिवाय आसपासच्या खारीही आयत्या जेवणाला येऊ लागल्या असतील. शत्रू नसले तर काय होते याचे एक उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तेथील पर्थ शहराच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ च्या सुमारास आपल्याकडच्या या खारी बाहेर पडल्या. त्या परक्या मुलखात टिकल्या आणि वाढल्या.

‘या खारी’ म्हणजे कोणत्या, तेही पाहा. रामाने पाठीवरून बोटे फिरवली म्हणून खारीला पट्टे आले, अशी गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. दक्षिण भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या खारीच्या पाठीवर तीन फिकट पट्टे असतात. आमच्या अंगणातील खारींना मात्र पाच आहेत. तीन पाठीवर ठळक आणि दोन कुशींवर जरा पुसट. तुमच्या गावची खार कोणती, हे मोजल्याशिवाय सांगू नका.

आता पुन्हा काकूंच्या तक्रारीकडे वळू. खार कृंतक वर्गातली, म्हणजे उंदराची नातलग. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. या दातांच्या पुढच्या बाजूला कठीण एनॅमल आणि मागे त्यापेक्षा मऊ दंतिन असते. कुरतडताना मऊ भाग लवकर झिजतो, कठीण भाग मागे राहतो आणि सुताराच्या पटाशीसारखी धार आपोआप टिकते. गादी, काथ्या, विजेच्या तारेवरचे आवरण, काहीच तिला वर्ज्य नाही. काकूंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

काकांनी सुचवले की पिंजरा लावून खारी पकडू आणि अंबाझरीला सोडून देऊ. मला ते पटले नाही. अन्न होते तेथेच राहिले तर रिकाम्या जागी नव्या खारी येतात, आणि सोडलेली खार अनोळखी जागी, दुसऱ्यांच्या हद्दीत जाऊन पडते. शिवाय वन्य प्राणी असे आपल्या मनाने पकडून हलवणे हे आपले काम नव्हे. जखमी प्राणी सापडला तर नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे उपचार केंद्र आहे, त्यांना कळवावे.

दुसरा उपाय मी सुचवला आणि तो साफ फसला. काकूंच्या गच्चीच्या वर सुमारे तीन मीटर उंचीवर आमच्या कडुनिंबाची एक फांदी जात होती. जामाच्या झाडावरून भिंतीवर खारी उडी मारतात ते अंतर मी टेपने मोजले होते. ते दीड मीटर भरले. म्हणून फांदी गच्चीच्या कठड्यापासून दोन मीटर मागे छाटली. दुसऱ्याच दिवशी खार गच्चीवर हजर!

चूक कुठे झाली, ती वहीत गणित मांडल्यावर कळली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने हे आधीच करायला हवे होते. सारख्या पातळीवर सर्वांत लांब उडी ४५ अंशांच्या कोनातून जाते, आणि तिचा पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वीय त्वरण. पल्ला १.५ मीटर धरला तर वेगाचा वर्ग १.५ × ९.८ म्हणजे १४.७, आणि वेग सेकंदाला सुमारे ३.८ मीटर. याच वेगाने सरळ वर उडी मारली तर खार फक्त ०.७५ मीटर चढेल, म्हणजे पल्ल्याच्या बरोबर निम्मी. पण तीच खार तीन मीटर उंचीवरून खाली उडी घेते तेव्हा पडायला जास्त वेळ मिळतो आणि तेवढा वेळ ती पुढेही जात राहते. अशा वेळी सर्वांत लांब पल्ला काढायचा तर वेगाच्या वर्गात ‘दोन गुणिले त्वरण गुणिले उंची’ मिळवावी : १४.७ + ५८.८ = ७३.५. त्याचे वर्गमूळ ८.५७. त्याला वेगाने गुणून त्वरणाने भागले की सुमारे ३.४ मीटर येतात! हवेचा रोध मी सोडून दिला आहे. उलट, दीड मीटर ही मी पाहिलेली उडी आहे. तिची कमाल उडी याहून मोठी असू शकेल.

साडेतीन मीटर मागे जायचे तर निंबाचा अर्धा माथा गेला असता. शहरातली झाडे तोडायला १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते ती वेगळीच. वाट अडवण्यापेक्षा वस्तू झाकणे सोपे, असे मग माझे मत झाले. कुरड्यांवर जुनी मच्छरदाणी आली. गाद्या आत गेल्या. आमचे शेंगदाणेही बंद झाले. मुलगी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. कुणी म्हणेल, दाण्यांत भिवापुरी मिरचीची पूड मिसळावी. तिखटाचा दाह पक्ष्यांना जाणवत नाही, खारींना जाणवतो. ही माहिती खरी आहे, पण वाऱ्याने पूड डोळ्यांत जाते, म्हणून मी ते केले नाही.

खरी कसोटी पुढेच होती. मार्चअखेर काकूंनी खिडकीतला कूलर उघडला, तर वाळ्याच्या ताटीमागे गादीच्या कापसाचे घरटे आणि त्यात तीन पिले, डोळे न उघडलेली. ऊन चाळिशीकडे चाललेले आणि घरात आजारी सासूबाई. काकू थांबणार तरी किती? पिले बाहेर फेकली असती तर संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी संपवली असती. काका आणि मी कापडी हातमोजे घालून घरटे जसेच्या तसे टोपलीत उचलले आणि कूलरपासून चार हातांवर, जामाच्या बेचक्यात सावलीला बांधले. खार गरज पडल्यास पिले तोंडात धरून दुसरीकडे नेते, यावर भिस्त होती.

दुपारभर आई कूलरभोवतीच किंचाळत फिरत होती. काकू खिडकीआडून पाहत होत्या. त्या दिवशी त्यांनी कूलर लावला नाही. पाचच्या सुमारास ती टोपलीत उतरली, एक पिलू मानेपाशी धरून निंबाकडे गेली आणि परत आली. तिसरे पिलू जाईपर्यंत अंधार पडत आला होता. दुसऱ्या दिवशी कूलरच्या तिन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी बसली. खर्च मी दिला.

आता सकाळी जामावर चार खारी दिसतात. दाणे बंद केल्यामुळे, मच्छरदाणीमुळे की उन्हाळ्यामुळे, हे मला सांगता येणार नाही, कारण सर्व बदल आम्ही एकदमच केले. काकू म्हणतात, पाचवी त्यांच्या गच्चीवर असते आणि ती तुमची नाही, आमची आहे.