सैनिकाचा सन्मान : सलामी की हक्क?

दरवर्षी ७ डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांतून निधीचे डबे फिरतात, छातीवर कागदी ध्वज टाचले जातात. १९४९ पासून हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. युद्धात जायबंदी झालेल्यांचे पुनर्वसन, सेवेतील सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांचे कल्याण आणि माजी सैनिकांना पुन्हा उभे करणे, ही त्यामागची उद्दिष्टे. २०१६ पासून १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस झाला. १९५३ साली याच तारखेला पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा निवृत्त झाले होते. आपल्या चळवळीला ही तारीख १९९४ च्या विद्यापीठ नामविस्तारामुळे आधीच ठाऊक आहे.

म्हणजे वर्षातले दोन दिवस सैनिकाचे. उरलेल्या दिवसांत समाज त्याला सैनिक म्हणून ओळखतो की जातीने? हा प्रश्न पन्हाळ्यावर उभे राहून विचारला पाहिजे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरविले, त्यात पन्हाळा आहे. तटबंदीचा गौरव झाला. पण तट राखला कोणी? मराठेशाहीतील किल्ल्यांवर साधारणपणे आत किल्लेदार, सबनीस, कारखानीस असत. गडाच्या घेऱ्यात, मेटांवर आणि रानवाटांवर रामोशी, बेरड, महार, मांग यांचा पहारा असे. गावगाड्याने ज्याला वेशीबाहेर ठेवले, त्यालाच गडाने पहिल्या फळीत उभे केले. अपमानाची जागा आणि जोखमीची जागा एकच ठरली.

१६६० च्या सिद्दी जौहरच्या वेढ्यात महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद नाभिक समाजातला, पायथ्याच्या नेबापूरचा, असे परंपरा सांगते. गडावर आज त्याचे स्मारक आहे. पण त्याच्या नावाचा जयजयकार करणारा समाज त्याच्या जातभाईंना कोणत्या पंगतीला बसवत होता, हेही विचारले पाहिजे.

याच गडावर १८४४ साली गडकऱ्यांचा उठाव झाला. गडकरी म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात जमीन खाणारे वंशपरंपरागत शिपाई. इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी या जमिनी गडाच्या कारभारातून काढून मामलेदाराच्या हाताखाली घातल्या. आपली भाकर जाणार, हे गडकऱ्यांनी ओळखले. सामानगड, भुदरगड आणि मग पन्हाळा उठला. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रज फौजेने पन्हाळा घेतला. पुढे गडकऱ्यांची शिबंदी मोडली, तटबंदीही पाडली गेली. इतिहासात याची नोंद बंड अशी आहे. मुळात तो सैनिकाच्या उपजीविकेचा प्रश्न होता.

तोच प्रश्न अर्ध्या शतकाने महार सैनिकांपुढे अधिक क्रूर रूपात आला. ज्या सत्तेने कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे कोरली, तिनेच १८९२ साली त्यांची भरती बंद केली. ‘लढवय्या जाती’ नावाचे शास्त्र रचले गेले आणि रणांगणावरचा पुरावा जातीपुढे निकामी ठरला. निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा मधली कितीतरी वर्षे हातची गेली होती. या काळात सुभेदार रामजींच्या मुलाला साताऱ्याच्या शाळेत पाण्याच्या नळाला हात लावता येत नव्हता. बापाच्या खांद्यावरची पदचिन्हे मुलाची तहान भागवू शकली नाहीत.

या घटना एकच गोष्ट सांगतात. सैनिकाचा सन्मान तो गणवेशात असताना मोजायचा नसतो. गणवेश उतरल्यावर मोजायचा असतो. जमीन, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण आणि गावात माणूस म्हणून वागणूक हे हातात नसेल, तर सलामी हा केवळ उपचार उरतो.

म्हणून ध्वजदिनी डब्यात नाणे जरूर टाकावे, पण तेवढ्यावर थांबू नये. शिक्षकांनी वर्गात १८४४ आणि १८९२ ही दोन्ही साले सांगावीत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील माजी सैनिकांच्या आठवणी लिहून काढाव्यात, विशेषतः ज्यांची घरे अजून गावाच्या कडेला आहेत त्यांच्या. कार्यकर्त्यांनी सैनिकाच्या विधवेचा अडलेला अर्ज हाती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढावी. हक्काची नोंद कागदावर येते तेव्हाच कृतज्ञता खरी होते.