खांद्यावरून चाकांवर

मराठीच्या प्राध्यापकाने गोल्फ खेळावा, हे आमच्या स्टाफरूममधल्या मंडळींना अजून पचलेले नाही. हा खेळ लष्करी अधिकाऱ्यांचा, नाही तर कारखानदारांचा, अशी आपल्याकडची समजूत. आणि ती अगदीच खोटी आहे असेही म्हणवत नाही. पण सौ.च्या संशोधनाच्या निमित्ताने बिनपगारी रजा घेऊन मी दोन वर्षे एडिंबरोला राहिलो, तिथले चित्र निराळे होते. शहराच्या दक्षिणेला ब्रेड हिल्स नावाच्या टेकड्या आहेत. तिथे १८८९ पासून सार्वजनिक मैदान आहे. सुतार, शिक्षक, पेन्शनीतले म्हातारे, सगळे तिथे खेळतात. वरून एकीकडे किल्ला दिसतो, दुसरीकडे समुद्राची खाडी. आणि बहुतेक जण आपली पिशवी आपणच वाहतात. आपल्याकडे हे काम कॅडीचे. (दिल्लीचा अली शेर असाच कॅडीगिरीतून वर आला आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकला, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

या पिशवीत असते तरी काय? नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा क्लब. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आली. त्याआधी वीसहून अधिक क्लब बाळगणारे महाभागही होते. क्लब, चेंडू, छत्री, रेनकोट, पाण्याची बाटली मिळून माझे ओझे बारा किलोंच्या घरात जाई. अठरा होलांचा फेरा आठ-नऊ किलोमीटरांचा, तोही चढ-उताराचा. शिवाय प्रत्येक फटक्याला पिशवी खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची. माझ्यासारख्या शंभर फटके घेणाऱ्याला हे वाकणे एका फेऱ्यात साठ-पासष्ट वेळा घडते!

पहिल्या वर्षाच्या अखेरीस कंबर धरू लागली. मग कळ डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरली. सकाळी मोजे घालायला सौ.ची मदत लागे. खेळाचे एक असो. पण माझा धंदा उभ्याने करायचा. परत आल्यावर पाऊण-पाऊण तासाचे चार तास घ्यायचे, ते काय खुर्चीत बसून? फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाय वर-खाली करून पाहिला आणि दीड महिना खेळ बंद केला. पुढे खेळायचे असेल तर खांद्यावर काही नको, असेही बजावले.

कारण त्यांनी सोपे करून सांगितले. ओझे एका खांद्यावर आले की धड दुसरीकडे कलते आणि कमरेचे स्नायू तोल राखायला सारखे ताठ राहतात. अशा शिणलेल्या कमरेला मग जोराचा पीळ द्यायचा, कारण गोल्फचा फटका म्हणजे पीळच. दोन्ही खांद्यांवर पट्टे येणारी पिशवी बरी, आपल्या कावडीसारखी भार वाटून देणारी. पण वाकून उचलणे काही सुटत नाही.

शेजारचे सत्तरीतले सुतारकाका माझ्याबरोबर खेळत. ट्रॉलीचे नाव काढताच त्यांनी असा चेहरा केला, की जणू मी व्हीलचेअरच मागितली.

"प्रोफेसर, चाके म्हाताऱ्यांना!" ते म्हणाले.

मला हसू आले, पण नवल वाटले नाही. शिखर शिंगणापूरच्या कावडी मुंगी घाटातून खांद्यावर चढवतात. त्यांना चाके लावा असे कोण म्हणेल? पण तिथे श्रद्धा आहे. माझ्या पिशवीत नुसते लोखंड होते!

घाम गाळण्याचा मुद्दाही तपासून पाहिला. २००८ साली नील वोल्कोडॉफ यांनी डेन्व्हरला मोजमाप केले. नऊ होलांत पिशवी वाहणाऱ्याचे सुमारे ७२१ कॅलरी खर्च झाले, ट्रॉली ढकलणाऱ्याचे ७१८. खेळाडू मोजकेच होते, तरी माझ्यापुरते तेवढे पुरे.

मी तीनचाकी घेतली, पुढे ढकलायची. मागून ओढायची दुचाकी स्वस्त मिळते. पण एक हात मागे ठेवून चालताना धड पुन्हा वाकडे होते, म्हणजे दुखणे तेच, फक्त भाड्याने आणलेले. दांडा कोपराच्या उंचीवर बसवायचा. उतारावर ब्रेक लागतो, आणि ब्रेड हिल्सच्या तिरप्या कडांवर ट्रॉली कलंडते, म्हणून वळसा घालून जावे लागते. तीन महिन्यांत पोटरीतली कळ गेली. कमर मात्र थंडीत अजून आठवण करून देते. ट्रॉलीने सगळे बरे होते असे नाही. टायगर वुड्सची पिशवी कॅडी वाहत आला, तरी २०१४ ते २०१७ या काळात त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. फटक्याचा पीळ चाकांवर ठेवता येत नाही. त्यासाठी बाईंनी दिलेले व्यायाम मी रोज सतरंजीवर करतो.

खरी पंचाईत हिवाळ्यात होते. जमीन भिजली की चाकांनी गवत खराब होते म्हणून तिकडे पुष्कळ मैदानांवर ट्रॉलीला बंदी घालतात. तेव्हा मी सातच क्लब दोन पट्ट्यांच्या हलक्या पिशवीत घालून नेई आणि नऊ होलांवर थांबे. सुतारकाका चौदाच्या चौदा घेऊन पुढे जात आणि वळणावर माझ्यासाठी खोळंबत.