नवा टी.व्ही. घेण्याआधी टेप घरात लावा

दिवाळी तोंडावर आली की भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत घरोघरी एक विषय हमखास निघतो. यंदा टी.व्ही. बदलायचा का? जुना संच कुरकुरत असतो, पोरांना मोठा पडदा हवा असतो, म्हाताऱ्या माणसांना कीर्तन स्वच्छ दिसावे एवढेच हवे असते, आणि भात तर अजून खळ्यावर असते. घरचा कर्ता माणूस भोरला नाहीतर पुण्याला जातो. दुकानात वीस-पंचवीस संच ओळीने लखलखत असतात. "मामा, हा बघा, फोर-के आहे. घ्यायचा तर एकदाच चांगला घ्या," असे दुकानातला पोरगा म्हणतो आणि मामांचा हात खिशाकडे जातो.

हौस असावी, तिच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न भाताचा आहे. साधा संच आणि त्याच्या वरचा संच यांच्या किमतीत दहा हजारांचा फरक सहज पडतो. २०२५-२६ च्या खरिपासाठी सरकारने साध्या भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये हमीभाव ठरवला. त्या हिशेबाने दहा हजार म्हणजे सव्वाचार क्विंटल भात. इंद्रायणीला बाजारात याहून बरा भाव मिळतो हे खरे, पण तोही चिखलात वाकून केलेल्या लावणीचाच पैसा. तो देऊन चित्र खरोखर सुधारणार असेल तर जरूर द्यावा. सुधारणार की नाही, हे मात्र दुकानात ठरत नाही. ते आपल्या घरी ठरते.

सिंहगडावरून आकाशात

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरून पुणे भागासाठी त्याचे सहक्षेपण होऊ लागले. सिंहगडाचा मनोरा आपल्या शेजारचाच. पण त्या लहरी सरळ रेषेत जातात. ज्या गावाला मनोरा समोर, त्याला चित्र. जे गाव डोंगराआड, त्याच्या पडद्यावर मुंग्या. 'आमची माती, आमची माणसं' पाहायचे तर एकाने कौलांवर चढून अँटेना फिरवायची आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं... गेलं" असे ओरडायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. १९८२ साली चित्राला रंग आला, तरी डोंगराची अडचण होती तिथेच राहिली.

ती जुनी प्रक्षेपणे दूरदर्शनने आता बहुतेक ठिकाणी बंद केली आहेत आणि खेड्यातले चित्र मुख्यतः उपग्रहावरून येते. दूरदर्शनची 'फ्री डिश' सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. तिचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आपल्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ साठ अंश वर येतो. म्हणजे डिशची नजर डोंगराच्या बऱ्याच वरून जाते. राजगड-तोरण्याच्या कुशीतल्या वस्तीलाही त्यामुळे अडचण पडत नाही. अडचण असते ती अंगणातल्या आंब्या-फणसाची. डिशपासून आग्नेयेला दहा फुटांवरचे झाड डिशपेक्षा सोळा-सतरा फुटांहून उंच गेले, की ते आड येऊ लागते. उन्हाळ्यात बसवलेली डिश पावसाळ्यात पालवी वाढल्यावर रुसते ती यामुळेच. इतर कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी असतात, तेव्हा त्यांची दिशा बसवणाऱ्याकडून समजून घ्यावी.

एच.डी. म्हणजे काय?

टी.व्ही.चे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. जुन्या पद्धतीच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६, म्हणजे सुमारे चार लाख ठिपके. याला 'एस.डी.' म्हणतात. 'एच.डी. रेडी' नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांत सुमारे साडेदहा लाख, 'फुल एच.डी.' संचात पावणेएकवीस लाख आणि 'फोर-के'मध्ये जवळजवळ त्र्याऐंशी लाख ठिपके असतात. जपानच्या एन.एच.के. या संस्थेने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर यावर संशोधन सुरू केले. आपल्याकडे २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांचे प्रक्षेपण दूरदर्शनने एच.डी.मध्ये केले.

ठिपके जितके जास्त तितके चित्र रेखीव, हे खरे. पण ते कार्यक्रमातही असावे लागतात आणि आपल्या डोळ्यांना दिसावेही लागतात. यातले एक जरी नसेल तर जादा ठिपक्यांचे पैसे वाया गेले म्हणून समजा.

विहिरीत असेल तेवढेच पाणी

विहिरीला पाणी दोन इंची असताना मोठा पंप बसवला तर पाणी वाढत नाही, पंप कोरडा चालतो. टी.व्ही.चेही तसेच आहे. फ्री डिशवरच्या बहुतेक वाहिन्या एस.डी.च असतात. चार लाख ठिपक्यांचे चित्र त्र्याऐंशी लाखांच्या पडद्यावर टाकले तर संच मधले ठिपके अंदाजाने भरतो; नवे काही दिसत नाही. उलट पडदा मोठा असेल तर चित्राचा भुरकटपणा डोळ्यांत भरतो.

म्हणून पहिला प्रश्न असा: आपल्या घरात येते काय? नुसती फ्री डिश असेल तर भारी संचाच्या मागे लागू नये. मात्र सेट-टॉप बॉक्स एमपेग-४ जातीचा आहे ना, हे पाहावे. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या लागतच नाहीत. महिन्याचे पैसे भरून एच.डी. वाहिन्या घेणार असाल, तर फुल एच.डी. संचाचा उपयोग आहे. इंटरनेटवरून पाहणार असाल, तर आधी घरात मोबाइलची रेंज पाहा. फुल एच.डी. चित्राला तासाला साधारण दीड ते तीन जीबी डेटा लागतो. फोनला ओट्याच्या कोपऱ्यात उभे राहून रेंज मिळत असेल, तर माजघरातला स्मार्ट टी.व्ही. गोल चक्र फिरवीत बसेल.

बॉक्स आणि संच यांना जोडणारी वायरही पाहून घ्या. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन टोकांच्या वायरीतून एच.डी. चित्र जातच नाही. त्यासाठी चपट्या टोकाची एच.डी.एम.आय. वायर लागते. संच एच.डी., बॉक्स एच.डी., वाहिनीचे पैसे एच.डी.चे आणि मधली वायर जुनी, अशी घरे कमी नाहीत. नवा संच घेण्याआधी ही एक वायर बदलून पाहावी. कदाचित खरेदीची गरजच उरणार नाही.

टेप घ्या आणि मोजा

दुसरा प्रश्न अंतराचा. संच जिथे ठेवणार त्या भिंतीपासून माणसे बसतात तिथपर्यंत टेप लावा. निरोगी डोळ्यालाही एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक भेद ओळखता येत नाही. त्यावरून हिशेब असा निघतो.

३२ इंची संचावर एस.डी. चित्र सुमारे आठ फुटांवरून नितळ दिसते. तेच चित्र ४३ इंचीवर नितळ दिसायला साडेदहा फूट मागे बसावे लागते. ३२ इंचांत एच.डी. रेडी आणि फुल एच.डी. यांतला फरक सहा फुटांच्या आतूनच कळतो. ४३ इंचांत फुल एच.डी. आणि फोर-के यांतला फरक कळायला साडेपाच फुटांच्या आत, आणि ५५ इंचांत सात फुटांच्या आत बसावे लागते.

आता आपल्या घराकडे पाहा. माजघरात आठ फुटांवर बसून फ्री डिश पाहणार असाल, तर ३२ इंची एच.डी. रेडी संच पुरेसा आहे. एच.डी. वाहिन्या घेतल्या असतील आणि बैठक आठ-दहा फुटांवर असेल, तर ४३ इंची फुल एच.डी. घ्यावा. आठ फुटांवरून ४३ इंची फोर-केसाठी जादा दिलेले पैसे डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. आजी-आजोबांना बातम्यांची खालची पट्टी किंवा हवामानाचे आकडे वाचायचे असतील, तर त्यांना पडद्याचा आकार मोठा लागतो. ठिपके वाढवून अक्षर मोठे होत नाही. अशा घरी मोठ्या पडद्याला दोन पैसे जास्त दिले तर ते सार्थकी लागतात. म्हणून मोजमाप करताना घरातल्या बायामाणसांना आणि वडीलधाऱ्यांना विचारा. टी.व्ही. कुठून आणि केव्हा पाहायचा, हे स्वयंपाकघरातून मान वळवून पाहणाऱ्या माणसाला जास्त ठाऊक असते.

संचाचा आकार कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. ३२ इंची पडदा सुमारे २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच असतो. ४३ इंची सुमारे साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच. कोनाड्यात किंवा कपाटात बसवायचा असेल तर आधी खडूने भिंतीवर चौकोन काढून पाहावा.

वीज, विजा आणि ओल

संचाच्या पाठीमागच्या पट्टीवर तो किती व्होल्टला चालतो ते छापलेले असते. '१००-२४०' असे असेल तर कमी व्होल्टेजची फारशी चिंता नाही. भीती जादा व्होल्टेजची. डी.पी.वरची न्यूट्रल तुटली तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास वीज येऊ शकते. दिवे अचानक भगभगू लागले तर आधी मेन स्विच बंद करावा.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा रिमोटने संच बंद करणे पुरेसे नाही. भिंतीतली पिन काढावी आणि डिशची वायरही बॉक्सपासून सोडवावी. विजेचा झटका तिच्यातूनही आत येतो. पण हे काम ढग दूर असतानाच करावे, डोक्यावर कडकडाट चालू असताना वायरीला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते. शेतात माणसे असताना तर ते टी.व्ही.पेक्षाही कामाचे.

आषाढातल्या धो-धो पावसात चित्र चौकोनी तुटते, त्यात संचाचा दोष नसतो. उपग्रहाच्या लहरी पावसाचे थेंब शोषतात. डिश घट्ट बसवलेली आणि दिशेला अचूक असेल तर हा त्रास कमी होतो. पावसाच्या बाजूच्या ओल्या भिंतीला संच टांगू नये; मागे हवा खेळायला जागा ठेवावी. चुलीचा धूर येतो त्या दारासमोरही तो नसावा.

खरेदीच्या दिवशी

दुकानात संचावर जे झगमगीत चित्र चालू असते, ते मुद्दाम तयार केलेले असते. "दादा, यावर साधी सह्याद्री वाहिनी लावून दाखवा," असे खुशाल म्हणावे. मग टेपने मोजलेल्या अंतरावर उभे राहून पाहावे. थोडे बाजूला सरकून आणि खाली वाकूनही पाहावे, कारण घरी सगळेच काही समोर बसत नाहीत. काही संचांचे रंग बाजूने फिके पडतात.

३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. बिल पक्के घ्यावे. बिनबिलाचा संच हजार रुपये स्वस्त पडतो, पण बिघडल्यावर आपल्याला कोणी ओळख देत नाही. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण आणि वॉरंटी कार्डावरचा शिक्का तपासावा. दुरुस्तीचा माणूस आपल्या गावापर्यंत येतो की संच पुण्याला न्यावा लागतो, हे आधीच विचारावे. फुटलेला पडदा सहसा वॉरंटीत बसत नाही आणि त्याची किंमत नव्या संचाच्या जवळ जाते. म्हणून जीपमधून आणताना संच आडवा न टाकता उभाच धरून आणावा.

हप्त्यांबाबत सावध असावे. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी वसूल होतेच. कधी प्रक्रिया शुल्कात, कधी रोखीला मिळणारी सूट बुडवून. रोख किंमत किती आणि सगळे हप्ते मिळून किती, हे दोन आकडे कागदावर लिहून मागावेत. आणि हप्ता दर महिन्याला येतो, भात मात्र वर्षातून एकदाच, हेही ध्यानात धरावे.

फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. दुकानदाराच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

तेव्हा निघण्याआधी एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या: घरात कोणती वाहिनी येते, बैठकीचे अंतर किती फूट, भिंतीवर जागा किती इंच, आणि रोख पैसे किती. ती चिठ्ठी दुकानदारापुढे ठेवा आणि या मापाचा संच दाखव म्हणा. उरलेले पैसे पुढच्या हंगामाच्या बियाण्याला होतील.