चहाच्या दुकानात गोमंतकीय वारसा : सजावटीपलीकडचा विचार

पणजी, मडगाव, म्हापसा आदी शहरांत गेल्या काही वर्षांत चहाच्या दुकानांचे रूप झपाट्याने पालटत आहे. पत्र्याची मेजे आणि बाकडी जाऊन तेथे ‘वारसा’ सांगणारी सजावट येत आहे. भिंतीवर जुना कंदील टांगला, दारात पितळी हंडा ठेवला आणि एका कोपऱ्यात निळ्या-पांढऱ्या फरश्या बसविल्या, की दुकान गोमंतकीय झाले, असा समज त्यामागे दिसतो. वास्तविक गोव्याच्या पारंपरिक घरातील प्रत्येक घटकामागे ऊन, पाऊस आणि माणसांची ऊठबस यांचा विचार होता. तो समजून घेतला, तर आधुनिक दुकानही सुखद होऊ शकते.

भिंत आणि जमीन

गोव्यातील जुनी घरे जांभ्या चिऱ्याची. हा दगड सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात ओल शोषतो आणि पुढे ती हळूहळू बाहेर टाकतो. त्यावर चुन्याचा गिलावा असेल, तर ही क्रिया विनाअडथळा चालते. सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंग दिल्यास ओल आत कोंडते, पोपडे धरतात आणि भिंतीला कुबट वास येतो. त्यामुळे जुन्या इमारतीत दुकान थाटणाऱ्याने सजावटीआधी भिंतीवर खर्च करावा, हे श्रेयस्कर. जमिनीसाठी तांबड्या ऑक्साइडचा गुळगुळीत कोबा पायाला गार लागतो आणि पुसण्यासही सोपा असतो.

एखादी भिंत कावी कलेसाठी राखून ठेवता येईल. गोवा, कोकण आणि कर्नाटकच्या किनारपट्टीवरील मंदिरांत आढळणाऱ्या या कलेत चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. ही कला जाणणारे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. छापील कागद चिकटवून तिची नक्कल करण्यापेक्षा कारागिराकडून हातभर रुंदीचा पट्टा करून घेतला, तरी त्याच्या हाताला काम मिळेल.

उजेड आणि वारा

जुन्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांच्या चौकोनी चकत्या लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवीत. त्यांतून येणारा उजेड मऊ असतो आणि डोळ्यांना झोंबत नाही. मात्र, या शिंपल्याच्या प्रजातीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षण लाभले आहे. त्यामुळे नव्या शिंपल्यांचा हव्यास धरू नये. त्याच मापाच्या लाकडी चौकटीत दुधी काच बसविल्यास जवळपास तोच परिणाम साधतो.

छताचेही तसेच. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले किनारपट्टीवर सर्वत्र पसरली. उंच कौलारू छताखाली गरम हवा वर जाते आणि फटींतून बाहेर पडते. सतत उकळत्या चहाच्या दुकानाला याहून सोयीचे छत कोणते? त्याखाली खोटे सपाट छत ठोकून वातानुकूलन यंत्र बसविणे म्हणजे असलेली सोय झाकून तीच विकत घेणे होय.

बैठक

हिंदू घराचे राजांगण आत उघडते, तर ख्रिस्ती घराचे बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून असते. बाल्कांवातील समोरासमोरच्या दगडी बैठकांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता येते. चहाच्या दुकानाला हे दोन्ही उपयोगी पडतात. दर्शनी भागात समोरासमोर बाकडी आणि आत निवांत बसण्यासाठी उघडा चौक ठेवावा. जागा अपुरी असेल, तर निदान दारालगतचे एक लांब बाकडे तरी असावे.

वारसा कोणाचा?

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. जुन्या दारे-खिडक्या, खांब आणि कौले यांना सजावटीसाठी भाव आला, की राहती घरे मोडून त्यांचे अवयव विकण्याचा मोहही वाढतो. एका दुकानाची शोभा दुसऱ्या घराच्या मोडतोडीतून येत असेल, तर त्याला संवर्धन म्हणता येणार नाही. म्हणून जुनी वस्तू घेताना ती कोठून आली, याची चौकशी व्हावी. शक्य तेथे स्थानिक सुताराकडून नवी करून घ्यावी. संवर्धन क्षेत्रातील इमारतीत बदल करण्यापूर्वी संबंधित यंत्रणेची परवानगी घेणेही आवश्यक आहे.

दुसरी बाब दराची. गोव्यातील चहाचे हॉटेल म्हणजे सकाळची पाव-भाजी, मिरची-भजी, मेजावरचे वर्तमानपत्र आणि त्याभोवती रंगणारी चर्चा. मासळी विकून परतणारी बाई, कारकून आणि निवृत्त शिक्षक तेथे एकाच बाकड्यावर बसत आले. सजावटीचा खर्च चहाच्या दरातून वसूल करताना हे गिऱ्हाईक दारातूनच परतले, तर भिंतीवरचा वारसा टिकेल. पण दुकानातला हरवेल. आराखडा आखतानाच साध्या चहाचा दर ठरवून खर्च त्या मर्यादेत बसविणे, हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.