बोलका आहे, पीआरओ होईल!

दाभोळचा वीजप्रकल्प दाभोळला नाही. तो आहे वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या हद्दीत. दाभोळ खाडीच्या पलीकडच्या काठावर, दापोली तालुक्यात. जमीन गेली अंजनवेलकरांची आणि नाव जगभर झाले शेजारच्या गावाचे! गोपाळगडाच्या तटावरून पाहिले की ही गंमत चांगली ध्यानात येते.

या गावाची आठवण होण्याचे कारण वेगळेच आहे. बारावीनंतर काय, हा प्रश्न घरोघरी निघतो तेव्हा हल्ली 'जनसंपर्क' हे उत्तरही ऐकू येते. "पोरगं बोलकं आहे, चारचौघांत मिसळतं, पीआरओ होईल," असे एखादा मामा किंवा आत्या सांगून मोकळी होते. जणू हसतमुख चेहरा आणि इस्त्रीचे कपडे एवढ्यावर हा व्यवसाय चालतो. महाराष्ट्रात या व्यवसायाची सर्वात मोठी परीक्षा झाली ती अंजनवेलच्या काठावर, आणि तिचा निकाल फारसा बरा लागला नाही.

हकिकत थोडक्यात अशी. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनी आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. ज्यांच्या दारात हे घडणार होते त्यांना करारातली कलमे ठाऊक नव्हती. आंबा-काजूच्या बागांचे काय, कारखान्यातून सुटणाऱ्या गरम पाण्याने मासळी पळेल काय, हे वेलदूरच्या कोळ्याचे साधे प्रश्न. त्यांची उत्तरे मराठीत, समोर बसून, आणि करारावर सही होण्याआधी द्यायला हवी होती.

पुढे १९९५ साली कंपनीच्या एक अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितले, की या प्रकल्पासाठी 'शिक्षण' आणि प्रकल्प-विकासाच्या प्रक्रियेवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. त्या वेळच्या भावाने हे साठ कोटी रुपयांहून अधिक होतात. झाले! 'शिक्षण' म्हणजे काय, यावरून इकडे गदारोळ उठला. हा पैसा लाच म्हणून गेला, असा आरोप झाला; तो सिद्ध झाला नाही. पण लोकांच्या मनात एक चुकीचा शब्द जाऊन बसला तो बसलाच. ज्याला आपण शिकवायला निघालो, त्याला आधी आपण अडाणी ठरवलेले असते, एवढे तरी त्या साठ कोटींत कुणाच्या लक्षात यायला हवे होते.

ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये नवा करार झाला आणि मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. मधल्या काळात गावात निदर्शने, अटका, लाठीमार. १९९९ च्या जानेवारीत 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेचा अहवाल आला, त्यात पोलिसांबरोबर कंपनीवरही ठपका होता. कंपनीने तो नाकारला. मे २००१ मध्ये वीजनिर्मिती थांबली, त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत निघाली. २००५ साली हा प्रकल्प 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या नव्या कंपनीकडे गेला.

आता मुलांकडे वळू. जनसंपर्क म्हणजे एकच नोकरी नव्हे. सरकारात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा माहिती अधिकारी असतो, 'लोकराज्य' मासिक तिथूनच निघते. काही पदांच्या जाहिराती लोकसेवा आयोगामार्फत येतात आणि त्यांना पत्रकारितेची पदवी किंवा पदविका लागते. खासगी संस्थेत नोकरी धरली तर एका वेळी चार-पाच ग्राहक सांभाळायचे, बातमीपत्रके लिहायची, कात्रणांची फाईल ठेवायची. पगार सुरुवातीला बेताचा, पण हात लवकर बसतो. कारखान्यात कामगारांची गृहपत्रिका काढणे हेही जनसंपर्कच. इस्पितळातला जनसंपर्क अधिकारी मात्र निराळा माणूस! बिलावरून संतापलेल्या, रडवेल्या नातेवाइकांसमोर मध्यरात्री उभे राहायचे असते. गोड बोलणे तिथे पाच मिनिटेही टिकत नाही.

अंजनवेलसारख्या ठिकाणी ज्याची गरज होती, ते काम अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी सक्तीची झाली. एन्रॉनच्या करारावेळी ती नव्हती. आता सुनावणीआधी प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. हा सारांश पाहिलाय कधी? इंग्रजी अहवाल शब्दाला शब्द लावून मराठीत उतरवलेला असला, की तो ज्याच्यासाठी लिहिला त्यालाच कळत नाही. तो कोळ्याला, बागायतदाराला समजेल असा लिहिणे, गावात जाऊन वाचून दाखवणे आणि गावाचे म्हणणे तितक्याच स्पष्ट शब्दांत कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत नेणे, या कामाला मराठी पक्की असलेला, दहा शिव्या ऐकून अकरावा प्रश्न शांतपणे विचारणारा माणूस लागतो. कोकणातल्या मुलाला तर ही बोली उपजतच अवगत! शिवाय २०१४ पासून ठरावीक नफ्यापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे कायद्याने आले, त्यामुळे गावपातळीवरच्या या नोकऱ्या वाढल्या आहेत.

या धंद्याचा एक आद्य पुरुष, अमेरिकेचा आयव्ही ली. १९०६ साली रेल्वेला अपघात झाला तेव्हा त्याने बातमी दडपण्याऐवजी वार्ताहरांना घटनास्थळी जाऊ द्या, असा आग्रह मालकांकडे धरला. पुढे तोच ली १९१४ च्या लडलो हत्याकांडानंतर रॉकफेलरांची बाजू मांडायला उभा राहिला आणि टीकेचा धनी झाला. दोन्ही ली खरे. कुठला ली व्हायचे, हे बहुधा आपल्या साहेबावर ठरते.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींनी पगार विचारावा, रजा विचारावी, आणि एक प्रश्न जरूर विचारावा : निर्णय होतो त्या बैठकीत तुमचा जनसंपर्क अधिकारी बसतो, की तिथून बाहेर पडलेला कागद त्याच्या टेबलावर येतो?